आयन म्हणा की ओझोन म्हणा, एकच?

प्रश्न: काकी, नमस्कार. आमचं घर डिचोलीला, जुनं, चिऱ्यांचं. मागची खोली मृगापासून बंद असते, ती चवथीच्या आठ दिवस आधी पाहुण्यांसाठी उघडतो. यंदा दार उघडलं तर असा कुबट वास की गादीवर बसवेना. यजमानांनी पणजीच्या एका प्रदर्शनातून सहा हजारांचं यंत्र आणलं. विकणारा म्हणाला, 'हा आयनायझर, धबधब्याखालची हवा घरात.' घरी आणून बघितलं तर खोक्यावर 'ॲक्टिव्ह ऑक्सिजन, ओझोन 5 ग्रॅम/तास' असं बारीक अक्षरांत. फोन केला तर म्हणतो, आयन म्हणा की ओझोन म्हणा, एकच. अर्धा तास लावलं. वास गेला खरा, पण सासूबाईंना दमा आहे, त्या रात्रभर खोकत होत्या. यंत्र वाईट की आमचं वापरायचं चुकलं? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: बाय, हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत चवथ होऊन गेलेली असणार. म्हणून पत्र मिळालं त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं, प्लग काढ आणि सासूबाईंना डॉक्टरांना दाखव. आता बाकीचं सविस्तर, कारण या महिन्यात अशीच आणखी तीन पत्रं आली आहेत आणि तिघांनाही 'एकच' असंच सांगितलं गेलंय.

एकच नव्हे. चुलीवर भाकरी भाजताना धूर होतो आणि गोठ्यात डास घालवायला आपण धुरी घालतो. धूर दोन्हीकडे आहे, म्हणून चूल आणि धुरी एक होत नाही. आयनायझरमध्ये ओझोन होतो तो चुलीच्या धुरासारखा, नको असताना आणि थोडा. ओझोन जनरेटर ही धुरीच. तिथे ओझोन करायचा म्हणूनच यंत्र बांधलेलं असतं.

आयनायझर उघडून पाहिलास तर आत एक-दोन बारीक सुया दिसतील, नाहीतर कार्बनच्या केसांचा चिमुकला कुंचला. त्यांच्या टोकाला काही हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. टोकाजवळच्या हवेतल्या रेणूंना तिथे जादा इलेक्ट्रॉन चिकटतात, हेच ते आयन. ते तरंगत्या धुळीला, धुराच्या कणांना भार देतात आणि भार आलेला कण जवळच्या भिंतीला, पडद्याला, टीव्हीच्या काचेला जाऊन चिकटतो. काही यंत्रांत धूळ धरायला पत्रा असतो, स्वस्तातल्यांत नसतो. मग यंत्रामागच्या भिंतीवर महिन्या-दोन महिन्यांत काळसर पट्टा उमटतो आणि घरातली माणसं रंगाऱ्याला दोष देतात.

दोन वर्षांपूर्वी म्हापशाला अशाच एका मांडवात मी याचा खेळ पाहिला. काचेची पेटी, आत पेटलेली उदबत्ती, धुराने पेटी पांढरी झालेली. विकणाऱ्याने बटण दाबलं आणि पाच-सहा सेकंदांत पेटी लख्ख. बायका 'अगे बाय!' म्हणाल्या. मी विचारलं, धूर गेला कुठे? तो म्हणाला, नष्ट झाला. पर्समधला पांढरा रुमाल काढून मी काचेच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. रुमालावर पिवळट-करड्या रंगाचा पट्टा आला आणि त्याला मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास. धूर हवेतून निघून काचेला बसला होता, एवढंच. पुढच्या प्रयोगाला मला जरा लांब उभं राहायला सांगण्यात आलं. त्याने दाखवलं ते खोटं नव्हतं हं. पण ती पेटी शाळेच्या दप्तराएवढी होती आणि तुझी खोली बैलगाडी मावेल एवढी आहे.

धबधब्याचंही तसंच. पाणी उंचावरून आपटून फुटतं तेव्हा आजूबाजूच्या हवेला ऋण भार येतो, हे फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने 1892 मध्ये दाखवलं. दूधसागर सुमारे 310 मीटरवरून कोसळतो, तिथे आयन भरपूर असणारच. पण तिथे गार तुषारही आहेत, भोवती रान आहे, आणि सोबत ऑफिसातून रजा काढून आलेली माणसं आहेत. नुसते आयन खोक्यात भरून मागच्या खोलीत सोडले म्हणून ती खोली दूधसागर होत नाही.

आता ओझोन. श्वासातल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा नांदायला तयार नसतो, भेटेल त्याच्या गळ्यात पडतो. वासाचा रेणू भेटला तर तो मोडतो, कपड्याचा रंग भेटला तर तो विटवतो, श्वासनळीचं अस्तर भेटलं तर ते खरवडतो. शोनबाइन नावाच्या रसायनज्ञाने बासेल शहरात 1840च्या सुमारास याला नाव दिलं तेच 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वीज कडाडल्यावर किंवा जुन्या झेरॉक्सच्या दुकानात जो तीक्ष्ण वास येतो तो हाच. वेर्नर फोन सीमेन्सने 1857 मध्ये काचेच्या नळीत ठिणगी न पाडता, हवेतून शांतपणे वाहणाऱ्या विजेने तो तयार केला, आणि आजची यंत्रंही त्याच घराण्यातली. आयनायझरची सुई असो वा ओझोन जनरेटरमधली चिनी मातीची पट्टी, दोन्हीकडे मोठ्या दाबाच्या विजेने हवा फोडतात, म्हणून विकणाऱ्यांना 'एकच' म्हणायला वाव मिळतो.

माझं ओझोनशी जुनं देणं-घेणं आहे. फोंडा तालुक्यातल्या एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत होते. बाटली भरण्याआधी पाण्यात ओझोन सोडतात. जंतू मरतात आणि ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन होतो, बाटलीत मागे ओझोन राहत नाही. फार चांगलं काम करतो तो, पाण्यात. फ्रान्समधल्या नीस शहराने तर 1906 पासून नळाच्या पाण्याला ओझोन लावला. पण पाण्यात न विरघळलेला ओझोन खोलीत येऊ नये म्हणून आमच्याकडे तो कार्बनच्या टाकीतून नेऊन मोडत आणि भिंतीवर मोजयंत्र होतं, 0.1 पीपीएमला भोंगा वाजवणारं. म्हणजे हवेच्या एक कोटी भागांत एक भाग.

एका जुलैत टेफ्लॉनची रिंग संपली म्हणून कोणी तरी साध्या रबराची बसवली. ओझोनने रबर चिरलं आणि आठवड्याने नळीच्या जोडातून गळायला लागलं. भोंगा वाजत होता, तो 'पावसाने बिघडलाय' म्हणून बंद करून ठेवलेला. मी पाण्याचा नमुना घ्यायला गेले, जेमतेम पाच मिनिटं आत होते. आधी वास आला, मग वास येईनासा झाला (नाक या वासाला लवकर सरावतं, ही त्यातली फसवी गोष्ट), मग खोल श्वास घेतला की छातीत टोचायला लागलं. दोन दिवस खोकला आणि सोलकढीसुद्धा घशाला झोंबत होती. मी तेव्हा चाळिशीची, धडधाकट. तुझ्या सासूबाई दम्याच्या. ती रिंग मी अजून ठेवली आहे. हातात घेऊन ताणली की मे महिन्यातल्या खाजणाच्या चिखलासारख्या भेगा उघडतात.

आता तुझ्या खोक्यावरच्या आकड्याचा हिशोब करू, हा मला आवडतो. फोनवर तू खोली बारा बाय बारा सांगितलीस, उंची दहा फूट धरली तर साधारण 41 घनमीटर हवा. आपल्या देशाच्या 2009च्या मानकाप्रमाणे बाहेरच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने ओझोन घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. हे जवळजवळ 0.05 पीपीएम होतं, आणि अमेरिकेत घरात वापरायच्या वैद्यकीय उपकरणांना हीच मर्यादा आहे. म्हणजे तुझ्या अख्ख्या खोलीत मिळून चार मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. तुझं यंत्र तासाला 5 ग्रॅम म्हणतं, म्हणजे सेकंदाला 1.4 मिलिग्रॅम. तीन सेकंद, बाय. यंत्र आकड्याच्या दहाव्या हिश्शानेच चालतं असं धरलं तरी अर्धं मिनिट. तुम्ही लावलंत अर्धा तास. काही ओझोन भिंती-पडद्यांवर मोडतो, काही फटींतून जातो, पण इतक्या भराला ते पुरत नाही. उलट एखाद्या आयनायझरवर 'ओझोन 1 मिलिग्रॅम/तास' असं छापलेलं असेल तर त्याला तेवढ्यावर पोचायला चार तास लागतील, आणि मध्ये मोडणारा धरला तर पोचणारच नाही.

म्हणून दुकानात नाव विचारू नका, आकडा विचारा. 'ॲक्टिव्ह ऑक्सिजन', 'ट्राय-ऑक्सिजन', 'ऊर्जित हवा' ही सगळी ओझोनचीच लग्नातली नावं. आकडा ग्रॅममध्ये असेल, किंवा पुस्तिकेत 'यंत्र चालू असताना खोलीबाहेर थांबा' असं लिहिलेलं असेल, तर तो जनरेटर. आकडाच नसेल तर तसंच परत ठेवा. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, सरळ सांगते की माणसाला सोसेल इतक्या प्रमाणात ओझोन ठेवला तर तो घरची हवा साफ करण्याच्या कामी फारसा येत नाही, आणि माणसं असलेल्या खोलीत वापरायला तिथल्या केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याने ही यंत्रं मंजूर केलेली नाहीत. कॅलिफोर्नियात 0.05 पीपीएमच्या वर ओझोन सोडणारं घरगुती हवाशुद्धी यंत्र विकताच येत नाही.

आणखी दोन गोष्टी, आपल्याकडच्या पावसाच्या. कारखान्यात ओझोन करायला घेतलेली हवा आम्ही आधी खडखडीत सुकवत असू. दमट हवेत ओझोन कमी होतो आणि हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्लाचा अंश तयार होतो. पट्ट्या खराब होतात, धातूला गंज चढतो. तुझं यंत्र श्रावणातली डिचोलीची हवा तशीच ओढून घेतं. दुसरी म्हणजे तू फोनवर सांगितलंस की आधी लिंबाच्या वासाच्या फिनेलने खोली पुसली. लिंबाच्या आणि पाइनच्या वासातले रेणू ओझोनला भेटले की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण होतात. वास झाकायला आणखी एक भर घातलीस, ती तशी वाया गेली नाही, खोकल्याला लागली.

वास का गेला? थोडे वासाचे रेणू मोडले आणि थोडं नाक बधिर झालं. वास येतो तो गादीतल्या आणि कपाटामागच्या बुरशीचा. ती भिंतीत, कापसात खोलवर असते, तिथे ओझोन पोचत नाही. आणि वरवरची मेली तरी मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी उठते. पुढच्या पंधरवड्यात वास परत येणार.

भिंतीला हात लावून बघ. खालचा हातभर भाग गार आणि ओलसर लागला तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या कोपऱ्यात पापुद्रे असतील तर छपराचे नळे, म्हणजे कौलं, सरकले आहेत किंवा पागोळ्यांचं पाणी भिंतीवर येतंय. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा काढून सिमेंट आणि प्लास्टिक रंग लावला असेल (पुष्कळांनी लावलाय) तर चिऱ्याने शोषलेलं पाणी बाहेर पडत नाही, आतच राहतं. यंदा शाकारणी कधी केली होती ते यजमानांना विचार. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. ती गादी, मन घट्ट करून, टाक. ऑक्टोबरच्या उन्हात तापवून वास कमी होईल, दमेकऱ्याच्या खोलीत मात्र ती परत नको. पाहुण्यांसाठी लगेच काही हवं असेल तर दमटपणा काढणारं यंत्र मिळतं, डीह्युमिडिफायर. आम्ही ते तीन पावसाळे वापरतोय. दार-खिडक्या लावून ठेवायच्या आणि दमटपणा 60 टक्क्यांच्या खाली आणायचा. पहिल्या दिवशी त्याची टाकी मी तीनदा ओतली आणि एवढं पाणी आपण अंथरुणात घेऊन झोपत होतो हे पाहून ह्यांनी कपाळाला हात लावला.

सहा हजार परत मिळतील का? बिलावर 'आयनायझर' लिहिलं असेल तर वस्तू दुसरी दिली म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आधी दुकानदाराला खोक्याचा आणि बिलाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाठव.

प्रश्न: उसगावला रस्त्याकडेलाच घर आहे. खनिजाचे ट्रक गेले की ओटीवर लाल धूळ. आयनायझर घेऊ का? (एक वाचक)

उत्तर: ती धूळ जाडी असते, तशीही खाली बसतेच. आयनायझरने बारीक धूळ लवकर बसेल, पण बसेल तुमच्या भिंतीवर आणि सोफ्यावर, आणि झाडूने झाडलीत की पुन्हा हवेत. पैसे घालायचेच असतील तर पंखा आणि हेपा गाळणी असलेलं यंत्र घ्या. ही गाळणी 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरते, भार-बीर काही नाही, नुसतं गाळणं. त्यात आयनचं वेगळं बटण असेल तर बंद ठेवा, काही अडत नाही. रस्त्याकडच्या खिडक्या ट्रकांच्या वेळेला लावून घ्या आणि लादी ओल्या फडक्यानेच पुसा.

प्रश्न: मी आठवीत आहे. शाळेत शिकवलं की ओझोनचा थर आपल्याला वाचवतो. मग आजी ओझोनचं यंत्र वाईट का म्हणते? (एक वाचक, साखळी)

उत्तर: तुझी आजी आणि तुझ्या बाई दोघीही बरोबर. तो थर मुख्यतः 15 ते 35 किलोमीटर उंचावर आहे, सूर्याचे घातक अतिनील किरण तिथेच अडवतो आणि तिथे श्वास घ्यायला कोणी नाही. आजीच्या खोलीत तो उतरला की अडवायला किरण नाहीत, फुप्फुसं आहेत.

प्रश्न: कळंगुटच्या एका हॉटेलात रूम साफ करतो. सिगारेटवाले गेस्ट गेले की साहेब ओझोन मशीन लावायला सांगतात आणि ते बंद केल्यावर वीस मिनिटांत चादरी बदलून नवीन गेस्ट. डोळे झोंबतात, घसा खवखवतो. मास्क लावला तर चालेल का? (नाव नको)

उत्तर: नाही बाबा. कापडाचा मास्क आणि एन-95 धूळ अडवतात, ओझोन हा वायू आहे, तो त्यातून आरपार जातो.

रिकाम्या खोलीत सिगारेटचा वास मारायला हे यंत्र वापरतात, ते काम त्याला येतं. घोळ होतो वेळेचा. चादरी, उशांची अभरे, पडदे आधीच काढून धुवायला द्या, अर्धा वास त्यांच्यातच असतो. कुंड्या, माशांची पेटी बाहेर. एसीची जाळी धुवा. सुगंधी फवारा मारू नका. यंत्रावर टायमर लावायचा, बाहेर पडायचं, दाराखाली टॉवेल सारायचा आणि दारावर पाटी लावायची. आपोआप बंद झाल्यावर शक्य असेल तर बाल्कनीचं दार बाहेरून उघडा. नसेल तर श्वास रोखून आत जा, खिडकी उघडा, पंखा लावा, लगेच बाहेर या. मग निदान दोन तास कोणी आत जायचं नाही. त्यानंतरही डोळे चुरचुरले तर आणखी थांबा. वास येत नाही म्हणजे ओझोन गेला असं धरू नका, नाकाचं मी वर सांगितलंच आहे.

साहेबांना पटत नसेल तर मशीनची पुस्तिका शोधा. बहुतेक पुस्तिकांत हेच लिहिलेलं असतं, ते पान दाखवा. अकराला खोली सुटते आणि दोनला नवीन गेस्ट येतो, असं असेल तर त्या खोलीत हे यंत्र बसतच नाही. ती खोली त्या दिवशी रिकामी ठेवा, नाहीतर नुसते पडदे बदला आणि खिडक्या उघड्या टाका. आणि तुमचा खवखवणारा घसा आठवड्याने तसाच राहिला तर डॉक्टरांना सांगताना 'धुळीचं काम करतो' एवढंच सांगू नका, ओझोनचं नाव घ्या.